भूकंपाचा अर्थ : रवींद्रनाथ, गांधी आणि १९३४

१५ जानेवारी १९३४ रोजी, सोमवारी, दुपारी दोन वाजून गेल्यानंतर थोड्याच वेळात उत्तर बिहार आणि नेपाळ येथील भूमीला हादरे बसू लागले, आणि काही मिनिटांतच मुंगेर, मुझफ्फरपूर, दरभंगा, मोतीहारी, सीतामढी ही गावे ओळखू येईनाशी झाली. काठमांडूच्या खोऱ्यात पाटण आणि भक्तपूर येथील जुनी वस्ती कोसळली. बिहारमध्ये सात हजारांहून अधिक माणसे दगावली, नेपाळात आठ हजारांहून अधिक. वेळ दिवसाची होती, पुष्कळ माणसे घराबाहेर होती, म्हणून आकडा एवढ्यावर थांबला. परंतु पडलेल्या घरांपेक्षाही शेतकऱ्याला भिवविणारी गोष्ट निराळीच होती. गंगेच्या उत्तरेकडील गाळाच्या मैदानातला सुमारे ३०० किलोमीटर लांबीचा पट्टा खचला. जमिनीला भेगा पडून त्यांतून पाणी आणि वाळू उसळली, उभी शेते वाळूखाली गेली, विहिरी बुजल्या. पायाखालची भूमी पाण्यासारखी वागते हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याने ‘हे का घडले?’ असे विचारले तर त्यात नवल नाही.

मराठीतला ‘का’ हा शब्द मोठा सोयीचा आणि तितकाच फसवा आहे. ‘कशामुळे’ आणि ‘कशासाठी’ हे दोन्ही प्रश्न त्याच एका अक्षरात मावतात. पहिल्याचे उत्तर भूगर्भशास्त्राने द्यायचे. दुसऱ्याचे उत्तर कोणी द्यावे, किंबहुना तो प्रश्न निसर्गाला विचारता येतो की नाही, याविषयी माणसांचे कधीच एकमत झालेले नाही. विसाव्या शतकातील भारतीय विचारविश्वात या दोन प्रश्नांची गाठ जितक्या उघडपणे या भूकंपाच्या निमित्ताने पडली, तितकी क्वचितच पडली असेल. आणि ती पडली ती एकमेकांना ‘महात्माजी’ आणि ‘गुरुदेव’ म्हणणाऱ्या दोन माणसांमध्ये.

भूकंप झाला तेव्हा गांधीजी दक्षिणेत होते. अस्पृश्यतानिवारणासाठी त्यांनी नोव्हेंबर १९३३ मध्ये वर्धा-नागपूरकडून जो दौरा आरंभिला होता, तो पुढे सुमारे नऊ महिने चालला आणि त्यात साडेबारा हजार मैलांचा प्रवास झाला. या कार्याचे मुखपत्र असलेले ‘हरिजन’ साप्ताहिक ११ फेब्रुवारी १९३३ रोजी पुण्याहून निघू लागले, त्या वेळी गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावरून सनातनी मंडळी त्यांच्यावर खवळलेली होती; सभांत काळी निशाणे दिसत होती. अशा वातावरणात २४ जानेवारी १९३४ रोजी तिरुनेलवेली येथे बोलताना त्यांनी बिहारच्या आपद्‌ग्रस्तांसाठी मदत मागितली, आणि मदत मागता मागताच सांगितले की, हा भूकंप म्हणजे आपल्या पापांबद्दल ईश्वराने केलेले शासन आहे असे मानल्यावाचून आपल्यासारख्या माणसाला राहवत नाही, आणि ते पाप अस्पृश्यतेचे आहे.

वर्तमानपत्रांतून हे शब्द शांतिनिकेतनात पोचले. रवींद्रनाथ तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. त्यांच्या अस्वस्थतेचे स्वरूप समजून घ्यायचे तर एक गोष्ट प्रथम ध्यानात ठेवली पाहिजे. अस्पृश्यतेविषयी या दोघांत मतभेद नव्हता. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या उपोषणाच्या वेळी कवी वृद्धापकाळातला लांबचा प्रवास करून पुण्याला आले होते, आणि २६ सप्टेंबरला उपोषण सुटले तेव्हा तुरुंगाच्या आवारात त्यांनी आपले एक गीत गाऊन दाखविले होते. तेव्हा १९३४ मध्ये जो आक्षेप घेतला गेला तो प्रतिपक्षाकडून आला नव्हता. एका न्याय्य कार्याला चुकीच्या युक्तिवादाचा टेकू दिला जात आहे, ही त्यामागची तक्रार होती. त्यांनी २८ जानेवारीला गांधीजींना पत्र लिहिले, सोबत आपले निवेदन धाडले, आणि ‘हरिजन’च्या १६ फेब्रुवारीच्या अंकात गांधीजींनी ते आपल्या उत्तरासह छापले. आपल्यावरील टीका आपल्याच पत्रात, आधी तिला जागा देऊन मग उत्तर देणे, ही रीत आज वाचतानाही सुखावते.

रवींद्रनाथांचे निवेदन लहान आहे, पण त्यात तीन वेगवेगळ्या पातळ्यांवरचे युक्तिवाद एकत्र आलेले आहेत. पहिला सरळ वैज्ञानिक स्वरूपाचा: भौतिक आपत्तींचे मूळ भौतिक घटनांच्या विशिष्ट संयोगात असते आणि तेवढ्यातच असते. दुसरा नैतिक. ईश्वर जर नीतीचे धडे देण्यासाठी अशी उलथापालथ घडवीत असेल, तर माणसाचे शील त्याच्यापेक्षा वरचे मानावे लागेल. कारण कोणताही सुसंस्कृत राज्यकर्ता दूरवर सुखरूप बसलेल्या अपराध्यांना जरब बसावी म्हणून वाटेल त्या निरपराधांना, मुलाबाळांना, आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्या अस्पृश्यांनाच ठार मारणार नाही. तिसरा युक्तिवाद व्यवहाराचा आणि सर्वांत धोरणी. हे शस्त्र दुधारी आहे. धर्मकृत्यांत ढवळाढवळ केली म्हणून देव कोपला, असे सनातनी पंडित उद्या गांधीजींच्या अनुयायांनाच सुनावू शकतील, आणि हा युक्तिवाद त्यांच्या मनोवृत्तीला अधिक शोभून दिसेल. आपली पापे कितीही मोठी असोत, सृष्टीची रचना खाली खेचण्याइतके बळ त्यांच्यात नाही, असे सांगून ते शेवटी दुःखाच्या स्वरात म्हणतात की ज्यांनी देशबांधवांच्या मनातली भीती घालविली, त्यांच्याच तोंडून अविवेकाला बळ मिळावे, हे मनाला लागते.

गांधीजींच्या उत्तराचा मथळाच ‘अंधश्रद्धा विरुद्ध श्रद्धा’ या अर्थाचा होता. तिरुनेलवेलीला बोललेले शब्द आपल्या तोंडून चुकून निसटलेले नव्हते, पूर्ण विचारान्ती आणि अंतःकरणापासून बोललो, असे त्यांनी आरंभीच स्पष्ट केले. भौतिक घटनांचे परिणाम भौतिक आणि आध्यात्मिक दोन्ही होतात, आणि याच्या उलटही तितकेच खरे आहे, असा आपला जुना विश्वास असल्याचे त्यांनी सांगितले. ईश्वराचे सगळे नियम आपल्याला कळलेले नाहीत. श्रेष्ठातल्या श्रेष्ठ वैज्ञानिकाचे ज्ञानही धुळीच्या कणाएवढे. जड आणि चैतन्य यांचा संबंध अभेद्य आहे. आपल्या पापांत सृष्टी मोडण्याचे बळ नाही, या कविवचनावर आपला विश्वास नाही, हेही त्यांनी बिनदिक्कत लिहिले. परंतु या उत्तरातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य शेवटी येते आणि पुष्कळदा ते वाचायचे राहून जाते. या श्रद्धेचा उपयोग जर आपण विरोधकांना झोडपण्यासाठी केला, तर ती हीन अंधश्रद्धा ठरेल, अशी कबुली त्यात आहे. शासन कोणाला, तर ‘आपल्याला’. आणि प्रायश्चित्त घ्यायचे तेही आपणच.

पंडित नेहरूंना गांधीजींच्या विधानाने धक्का बसला आणि रवींद्रनाथांचे उत्तर आपल्याला सर्वस्वी पटल्याचे त्यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नमूद केले. कोणत्या पापाची ही शिक्षा हे ठरवायचे कसे, असा त्यांचा प्रश्न होता. सत्याग्रहात आघाडीवर असलेल्या उत्तर बिहारलाच सर्वांत जास्त झळ पोचली, तेव्हा ब्रिटिश सरकारही या तर्काचा लाभ उठवू शकेल. असाच वाद युरोपात १ नोव्हेंबर १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपानंतर झाला होता आणि व्होल्तेअर-रूसो त्यात उतरले होते. भूकंप ही तत्त्वज्ञानाच्या पोथ्या उघडायला लावणारी गोष्ट आहे, एवढेच यावरून दिसते.

या वादाचे नेहमी सांगितले जाणारे तात्पर्य असे: रवींद्रनाथ विज्ञानाच्या बाजूचे, गांधी श्रद्धेच्या, कवीचे बरोबर, महात्म्याचे चूक. भूकंपाच्या कारणाविषयी बोलायचे तर हा निकाल योग्यच आहे, त्याविषयी संदिग्ध राहण्याचे काही कारण नाही. भारतीय भूखंड हिमालयाच्या पोटाखाली सरकतो आहे, त्या घर्षणात साठलेला ताण अधूनमधून सुटतो, आणि १९३४ ला तो तसा सुटला. मात्र एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. हे कारण १९३४ मध्ये कोणालाच ठाऊक नव्हते. भूपट्टांचा सिद्धान्त १९६० च्या दशकात रूढ झाला. भारतीय भूगर्भ सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी त्या वेळी मैदानातला खचलेला पट्टा पायी तुडवून जो अहवाल १९३९ मध्ये प्रसिद्ध केला, तो आजही आदराने वाचला जातो. तरी त्या काळी बिहारच्या मैदानात मानले गेलेले भूकंपाचे केंद्र पुढच्या संशोधनाने पूर्व नेपाळात नेले. म्हणजे रवींद्रनाथ जेव्हा भौतिक कारणाविषयी इतके निःशंक होते, तेव्हा त्यांच्या हाती भूकंपाचे सिद्ध झालेले कारण नव्हते. हाती होता तो एक विश्वास: कारण सापडेल तेव्हा ते भौतिकच असेल. विज्ञान ज्या भूमीवर उभे राहते ती हीच. गांधीजींनी मानवी ज्ञानाच्या तोकडेपणावर बोट ठेवले तेव्हा वस्तुस्थिती म्हणून ते खरेच सांगत होते. चूक झाली ती त्या अज्ञानाच्या फटीत पापपुण्याचा हिशेब बसविण्यात.

कवीला नुसते विज्ञानवादी ठरवून मोकळे होता येत नाही, याचे दुसरे कारण चार वर्षांपूर्वीच्या एका भेटीत आहे. १९३० मध्ये ऑक्सफर्ड येथे हिबर्ट व्याख्याने देऊन, मानवाचा धर्म हा विषय मांडून, रवींद्रनाथ जर्मनीत गेले आणि १४ जुलै रोजी बर्लिनजवळच्या कापुट या गावी आइन्स्टाइन यांच्या घरी त्यांना भेटले. या संभाषणाचे टिपण पुढे प्रसिद्ध झाले आणि १९३१ मध्ये व्याख्यानांच्या पुस्तकालाही जोडले गेले. तिथे दोघांच्या भूमिका अपेक्षेच्या अगदी उलट दिसतात. माणूस नाहीसा झाला तर शिल्पातले सौंदर्य उरणार नाही, हे आइन्स्टाइन मान्य करतात. पण सत्याचे तसे नाही, पायथागोरसच्या सिद्धान्तात माणसावाचून टिकणारे काही आहे, घरात कोणी नसले तरी टेबल जागच्या जागी राहते, असे त्यांचे म्हणणे. ते सिद्ध करता येत नाही, पण आपला तो धर्म आहे, असेही ते म्हणतात. रवींद्रनाथ मात्र ठाम असतात की ज्या सत्याचा मानवी मनाशी कोणत्याच प्रकारे संबंध नाही, ते आपल्या लेखी नसल्यात जमा. तसे असेल तर मीच तुमच्यापेक्षा अधिक धार्मिक ठरतो, असे आइन्स्टाइन यांनी त्यावर म्हटले.

मग १९३० मध्ये सत्याला मानवाच्या आधाराने उभे करणारा कवी १९३४ मध्ये भूकंपाला माणसाशी देणेघेणे नाही असे कसे म्हणतो? वरवर पाहता ही विसंगती आहे, आणि काही अभ्यासकांना ती तशी वाटलीही आहे. तिचा उलगडा त्या संभाषणातल्याच एका दृष्टान्ताने होतो. रवींद्रनाथ कसरीचे उदाहरण देतात. कागद खाणाऱ्या किड्याच्या मनाला वाङ्मय अस्तित्वातच नाही. त्याच्या दृष्टीने आहे तो केवळ कागद. माणसाच्या दृष्टीने मात्र कागदापेक्षा वाङ्मयाची सत्यता मोठी आहे.

हा दृष्टान्त जरा थांबून पाहण्यासारखा आहे. कागद किती जाड, कशाचा बनलेला, शाई कोणत्या क्षारांची, याची उत्तरे कागदातच शोधायची असतात, आणि ती कवितेवरून काढता येत नाहीत. उलट कवितेचा अर्थ कागदाच्या पृथक्करणातून निघत नाही. दोन्ही गोष्टी एकाच पानावर आहेत आणि एकमेकींचे काम करीत नाहीत. तिरुनेलवेलीच्या भाषणात नेमके हे घडले: जमिनीला पडलेल्या भेगा अक्षरांसारख्या वाचल्या गेल्या. रवींद्रनाथांचा विरोध अर्थाला नव्हता. अर्थ जिथे नाही तिथून तो उचलण्याला होता. अस्पृश्यता पाप आहे, हे सत्य माणसामाणसांमधले आहे. ते सिद्ध करायला भूकंपाची साक्ष काढावी लागत असेल, तर भूकंप न झालेल्या प्रांतांत ते पाप कमी होते काय? गांधीजींनी कारण आणि कर्तव्य एकाच दोरीने बांधले. कवीने ती गाठ सोडली, आणि सोडताना कर्तव्य हातातून जाऊ दिले नाही. आपद्‌ग्रस्तांना मदत करणे आणि अस्पृश्यता घालविणे ही दोन्ही कामे त्यांच्या मते निसर्गाच्या आज्ञेवाचूनच करायची होती.

ही भूमिका ग्रंथ वाचून तयार झालेली नव्हती. भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या शहरांच्या यादीत मुंगेर अग्रभागी आहे. त्याच मुंगेरमध्ये नोव्हेंबर १९०७ मध्ये रवींद्रनाथांचा धाकटा मुलगा शमींद्रनाथ सुट्टीत मित्राकडे गेला असता पटकीने वारला. तो अकरा वर्षांचाही पुरता झाला नव्हता. पत्नी मृणालिनी १९०२ मध्ये गेल्या होत्या, मुलगी रेणुका १९०३ मध्ये. पंचवीस वर्षांनी, ऑगस्ट १९३२ मध्ये, मुलगी मीरा हिचा एकुलता मुलगा नितींद्रनाथ जर्मनीत क्षयाने गेला, तेव्हा तिला धीर देण्यासाठी लिहिलेल्या पत्रात कवीने मुंगेरहून परततानाची आगगाडीतली रात्र आठवली आहे. आकाश चांदण्याने भरून गेले होते, आणि कुठे काही कमी झाल्याचे लक्षण दिसत नव्हते. तेव्हा मनाने कौल दिला की खरोखरच काही कमी झालेले नाही, सगळे सगळ्यात आहे, आणि आपणही त्यातच आहोत. आता आपल्या वाट्याचे काम चालू ठेवायचे.

शोकाकुल बापाला चांदणे निष्ठुर वाटणे किती सोपे होते. किंवा त्याच चांदण्यात देवाचा खास आपल्यासाठी पाठविलेला निरोप वाचणे, तेही सोपेच. रवींद्रनाथांनी दोन्ही केले नाही. चांदण्याने आपल्या दुःखाची दखल घेतली नाही हे त्यांनी जसेच्या तसे मान्य केले, आणि त्या मान्यतेतच सांत्वन शोधले. भूकंपाच्या दीडच वर्ष आधीचे हे पत्र. ज्याने चांदण्याकडून खुलाशाची अपेक्षा ठेवली नाही, तो भूकंपाकडून निवाड्याची अपेक्षा ठेवील हे संभवतच नव्हते.

गांधीजींच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. कर्तव्याला पाय लागतात ते त्यांच्या भाषेने, हे त्यांना ठाऊक होते. आपली समजूत निराधार ठरली तरी तिने आत्मशुद्धीला चालना मिळाली तर हितच झाले, असेही त्यांनी त्याच उत्तरात म्हटले आहे. ज्या श्रोत्यांना भूगर्भशास्त्र परके होते आणि पापाची कल्पना रोजची होती, त्यांच्याशी ते बोलत होते. मार्चमध्ये ते बिहारात गेले, राजेंद्रप्रसादांच्या मदतकार्यात मिसळले, वाळूने भरलेल्या शेतांतून फिरले. विरोधकांनी त्यांना सोडले नाहीच: एप्रिलच्या अखेरीस देवघरजवळ त्यांच्या मोटारीवर हल्ला झाला, आणि २५ जूनला पुण्यात ते सभेला येत आहेत अशा समजुतीने एका मोटारीवर बॉम्ब टाकण्यात आला. पण साधनाचा हा बचाव कवीला मान्य होण्यासारखा नव्हता, कारण भीतीने केलेले प्रायश्चित्त भीती ओसरली की संपते. स्नेहात अंतर पडले नाही. मार्च १९३६ मध्ये पंचाहत्तरीला आलेले रवींद्रनाथ विश्वभारतीच्या खर्चासाठी नृत्यनाट्याचे प्रयोग करीत उत्तर भारतात फिरत होते, तेव्हा दिल्लीत गांधीजींनी साठ हजार रुपयांची सोय करून त्यांना तो दौरा थांबवायला लावले.

वादावर रवींद्रनाथांनी पुन्हा फारसे लिहिले नाही. त्याऐवजी त्यांनी एक पाठ्यपुस्तक लिहिले. ‘विश्वपरिचय’ हे लहानसे बंगाली पुस्तक १९३७ मध्ये निघाले आणि सत्येंद्रनाथ बसू यांना अर्पण केले गेले. आरंभी हे काम शांतिनिकेतनातील विज्ञानाचे अध्यापक प्रमथनाथ सेनगुप्त यांच्याकडे होते. मसुदा दुरुस्त करता करता कवीने ते सगळेच नव्याने लिहून काढले. परमाणुलोक, नक्षत्रलोक, सौरजगत्, ग्रहलोक, भूलोक अशी प्रकरणे. प्रास्ताविकात ते बालपणीच्या डलहौसीच्या मुक्कामाची आठवण सांगतात: संध्याकाळी डाकबंगल्याच्या अंगणात खुर्ची टाकून वडील महर्षी देवेंद्रनाथ तारे दाखवीत, ग्रहांची सूर्यापासूनची अंतरे आणि त्यांचे फिरण्याचे काळ सांगत. उपनिषदे आणि ग्रहांची अंतरे एकाच माणसाच्या तोंडून शिकलेल्या मुलाला, या दोहोंत निवड करायची असते असे कधी वाटलेच नसावे. आपण वैज्ञानिक नाही, हे कवी प्रांजळपणे कबूल करतात. पण सामान्य वाचकाला विज्ञानाच्या अंगणात तरी आणून सोडणे, हे देशाच्या मनातील अंधविश्वासावर औषध आहे, असे त्यांना मनापासून वाटत होते.

पुस्तकातील मुख्य प्रकरणांत भाषा नेमकी आहे. विद्युत्कण, किरणोत्सर्ग, ताऱ्यांचे तापमान यांविषयी लिहिताना कवी कुठेही विश्वाला माणसाच्या सुखदुःखाशी जोडीत नाही. उपसंहारात मात्र ते एकदाच थबकतात. जडातून जीव आणि जिवातून मन उगवले, एकेक पडदा सरकत गेला. चैतन्याची ही मुक्तीच बहुधा सृष्टीची अखेरची परिणती असावी, असे ते सुचवितात. सिद्धान्त म्हणून ते हे मांडीत नाहीत, अदमास म्हणून मांडतात, आणि आधीच्या प्रकरणांतल्या एकाही आकड्याला त्यासाठी हात लावीत नाहीत.